हळू घे, सावकाश ये

हे आमच्या घरात घडलंय. यात एक अक्षरही पदरचं नाही. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण शेवटपर्यंत वाचा. त्याला कारण आहे.

रात्र वगैरे काही नव्हती. नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, दुपारचे तीन. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव, टिबेट्स कोव्ह. बंदराच्या वर, चढावर आमचं बोटींची इंजिनं बांधायचं दुकान. बाहेर धुकं. आत मी एकटी.

मी व्हर्ना. भुताखेतांच्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी त्याची टर उडवायचे. आता नाही उडवत.

त्याच्या अकरा वर्षं आधी माझे बाबा, मेरिल, शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडायचे सापळे काढायला समुद्रात गेले ते परतलेच नाहीत. बोट बंदराबाहेरच्या लांड्या खडकावर अडकलेली सापडली.

बाबा सापडले नाहीत.

माझा मोठा भाऊ एल्डन याने त्या बोटीचं इंजिन उघडलं. कॅमचा एक उंचवटा घासून पार सपाट झाला होता.

कॅम म्हणजे उंचवटे असलेला दांडा. प्रत्येक उंचवट्यावर एक टॅपेट बसतो, झडप उघडणारा छोटा दट्ट्या. असे सोळा. त्यांना ऑइल मिळतं ते खाली गरगरणाऱ्या मुख्य दांड्याने, क्रँकने, उडवलेलं. रेस असली की भरपूर उडतं. रेस कमी केली की फारसं उडतच नाही, कॅम कोरडा पडतो, घासत जातो, शेवटी इंजिन बंद पडतं. आणि सापळे काढणारी बोट तर दिवसभर कमी रेसवरच चालते.

एल्डन एकच प्रश्न धरून बसला होता. जेवताना, काम करताना, कधीही.

"टॅपेट वाजायला लागला की रेस कमी करायची नाही, वाढवायची आणि थेट घर गाठायचं. हे मला बाबांनीच शिकवलं. मग त्यांनी रेस कमी केलीच का गं?"

"मला काय माहीत," मी म्हणायचे.

मला माहीत होतं.

त्या दिवशी घरच्या वायरलेसवर मीच होते. बाबा म्हणाले, "व्हर्ना, इंजिनात टकटक येतेय." मी तेव्हा सार्डिन मासळीच्या कारखान्यात डबे भरायचे. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. घसरड्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला सांगावं तसं मी सांगितलं, "बाबा, हळू घ्या. सावकाश या."

ते हसले. "तू म्हणतेस तर तसं."

ते शेवटचं.

मी हे कोणालाच सांगितलं नाही. एल्डनला तर नाहीच. कारखाना सोडून त्याच्या दुकानात आले, काम शिकले, आणि शिकता शिकता कळलं की मी काय सांगून बसले होते. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही.

एल्डनने ठरवलं, असं इंजिन बांधायचं की ते कितीही हळू चालवा, कॅम कोरडा पडता कामा नये. प्रत्येक टॅपेटच्या तळाला सुईपेक्षा बारीक भोक पाडायचं. म्हणजे दाबाने आलेलं ऑइल थेट कॅमवर गळत राहील, क्रँकने उडवायची गरजच नाही. ती सोळा भोकं मी पाडली.

"बाईसाहेब, हात थरथरतोय," तो चिडवायचा. "डबे भरतेयस की भोक पाडतेयस?"

"तू पाड मग. तुझ्या जाड बोटांनी बादलीलाच भोक पडेल."

असं एक इंजिन आधी शेजारच्या ओरिन बीलच्या बोटीत बसवलं. मग दुसरं एल्डनच्या.

नवा कॅम पहिल्यांदा चालवताना वीस मिनिटं रेस सोडायची नसते. आम्ही दुकानातच इंजिन लाकडी घोडीवर चढवून चालू केलं. मी घड्याळ धरून. वीस मिनिटं झाली. एल्डनने रेस सोडली. इंजिन हळू, अगदी मऊ चालायला लागलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि मला ऐकू आलं...

टक. टक. टक.

"एल्डन, टॅपेट वाजतोय."

त्याने लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली. सोळाही ठिकाणी ऐकलं. "काही नाहीये गं."

टक. टक.

"वाजतोय!"

त्याने इंजिन बंद केलं.

टकटक चालूच होती...

ती कोपऱ्यातल्या वायरलेसमधून येत होती. वायरलेस बंद होता. मी जवळ गेले, तशी ती थांबली.

"तुला जरा झोपेची गरज आहे," एल्डन म्हणाला. त्याने माझ्यासाठी इंजिन पुन्हा उघडलं. सोळाही उंचवटे ऑइलने न्हालेले. खोट काढायला जागा नव्हती. तेव्हा त्याला सगळं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तो इतका खूश होता...

नाही सांगितलं.

तर तो शनिवार. एल्डन पहाटे गेलेला. तीन वाजता वायरलेस खरखरला.

"व्हर्ना, आहेस का?"

"बोल."

"तू म्हणत होतीस ते खरं. टकटक येतेय. लांड्या खडकाच्या बाहेर आहे मी, धुक्यात काही दिसत नाही."

 मी बटण दाबून ओरडले, "रेस वाढव! कमी करू नकोस! एल्डन, ऐकतोयस ना? कमी करू नकोस!"

थोडा वेळ नुसती खरखर.

"बरं," तो म्हणाला. "कमी केली."

"अरे नाही! वाढव म्हणतेय मी!"

"हो गं, ऐकलं. दोनदा काय सांगतेस." तो हसला. "हळू घे, सावकाश ये. तू म्हणतेस तर तसं."

मग...

काहीच नाही.

खरखरसुद्धा नाही.

मी बटण दाबून दाबून ओरडत राहिले. घसा बसला. काळोख पडेपर्यंत उत्तर आलं नाही.

बोट दुसऱ्या दिवशी सापडली. लांड्या खडकावर. एल्डन नाही.

मी स्वतः इंजिन उघडलं. ओरिन शेजारी उभा होता. सोळा उंचवटे, सोळाही चकचकीत. प्रत्येक भोकात ऑइलचा थेंब. ते इंजिन बंद पडायला काहीही कारण नव्हतं.

"टकटक कसली मग?" मी विचारलं.

ओरिनने टोपी काढली. "तुला बोल लावत नाही गं. पण त्याच चॅनलवर मीही होतो. तू त्याला हळू ये का म्हणालीस?"

"मी वाढव म्हणाले!"

"व्हर्ना, मी तुझा आवाज लहानपणापासून ओळखतो. 'हळू घ्या, सावकाश या.' दोनदा."

घ्या. या.

भावाला कोण अहो-जाहो करतं?

मी त्याच संध्याकाळी वायरलेसची वायर पक्कडीने कापली. वायरलेस खणात टाकला, खणाला कुलूप घातलं. ओरिनला हात जोडून सांगितलं, माझ्या भावाने बांधलेलं ते इंजिन बोटीतून काढून टाक. तो म्हणाला, "इतकं चांगलं इंजिन? वेडी की काय!"

या गोष्टीला वर्ष झालं.

गेल्या शनिवारी दुपारी फोन वाजला. ओरिनची बायको इडेला. मजेत होती.

"व्हर्ना, थँक्यू हं. आत्ता ओरिनचा वायरलेस आला होता. इंजिनात टकटक येत होती म्हणे, पण तू सांगितलंस तसा हळूहळू येतोय. बीन्स चुलीवरच ठेवते. बरं झालं बाई, तू पुन्हा बोलायला लागलीस."

मी खणाकडे पाहिलं. कुलूप होतं. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी फोनवर किंचाळले. इडेलाने तिच्या वायरलेसवर ओरिनला हाका मारल्या. पलीकडून कोणीच बोललं नाही.

आज पाच दिवस झाले. ओरिनचा शोध चालू आहे. म्हणजे, तसं म्हणतात.

मी सगळं इडेलाला सांगितलं, बाबांचंही. बारा वर्षं गप्प राहिले, त्यात भाऊ गेला. आता सांगून काही परत येणार नाही, हे कळतं मला. इडेलाने माझ्या तोंडावर दार लावलं. तिचं चुकलं नाही.

आता सांगायचं ते एवढंच. आमच्या किनाऱ्यावर तुमची बोट असेल, आणि वायरलेसवर एखादी बाई शांत आवाजात, अगदी मायेने तुम्हाला सावकाश यायला सांगेल... तर तिचं ऐकू नका.

मी वायरलेसवर बोलत नाही.