खालची ओळ

खोटं बोलणाऱ्याने निदान एक आकडा धरून बोलावं. एकाच प्रोसेसरचं तापमान, एकाच मिनिटाला, तीन सॉफ्टवेअर तीन तऱ्हेचं सांगत होती. ज्यांनी ती लिहिली त्यांना हे ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही.

मेडशीतल्या जुन्या दवाखान्याची खोली आम्हाला संगणकवर्गासाठी मिळाली होती. चालू संगणक एकच. मे महिना. दुपारी दोन वाजता आमच्या वर्गातली सुकेशनी त्यावर शिष्यवृत्तीची परीक्षा देणार होती. दोन तास, एकच संधी. मध्येच संगणक बंद पडला तर पेपर होता तसा जमा होणार आणि नागपूरचं कॉलेज तिच्यापुरतं संपणार. सरावाच्या वेळी तो दोनदा बंद पडला होता. मी आतला पंखा बदलला, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली. आता धोका आधी कळावा म्हणून खरा आकडा हवा होता.

पहिलं सॉफ्टवेअर ब्याण्णववर होतं, हलेचना. दुसरं अठ्ठावीस दाखवत होतं. खोलीच त्रेचाळीसवर असताना आतला प्रोसेसर अठ्ठावीसवर राहूच शकत नाही. दोन्ही काढून टाकली. तिसरं अठ्ठावन्नवर होतं. व्हिडिओ लावला की सत्त्याहत्तरला जाई, बंद केला की सावकाश उतरे. हे खरं. हेच ठेवलं.

फक्त त्याच्या यादीत सगळ्यात खाली एक बिननावाची ओळ होती. ४०.६. बोर्डावर न जोडलेला सेन्सर असला की असे निरर्थक आकडे येतात. पण निरर्थक आकडे उड्या मारतात. हा चढत होता. ४०.७... ४०.८... आणि तरीही खोलीपेक्षा थंड.

सकाळी चाचणी घेतली, तेव्हाही संगणक दोनदा बंद पडला. नोंदी उघडल्या. दोन्ही वेळा प्रोसेसर फक्त चौसष्टवर होता. खालची ओळ दोन्ही वेळा ४१.६ वर थांबली होती.

दीड वाजता मोतीबाई पाण्याची कळशी घेऊन आल्या. दवाखाना होता तेव्हापासून इथली झाडलोट त्याच करतात. त्यांनी पडद्यावरच्या खालच्या ओळीकडे पाहिलं.

"किती हाय?"

"एक्केचाळीस."

 कोपऱ्यात दवाखान्याची लोखंडी खाट आहे, तिच्यावर आम्ही खोके ठेवतो. उशाकडचे खोके त्यांनी उचलून खाली ठेवले. कमरेची चिंधी भिजवली, पिळली, घडी केली आणि खाटेच्या रिकाम्या पत्र्यावर अलगद ठेवली.

"मोतीबाई, मशीनजवळ ओलं कापड नको."

"मशीनले कोन ठेवून राह्यलं?"

"मग... कोणाला?"

"दवाखाना गेला, बाबू. समदेच जात नाईत." त्यांनी कळशी उचलली. "माह्याच हातची तापाची पट्टी घेते तो."

त्या घरी गेल्या. खालची ओळ ४०.२ वर आली होती. मी योगायोग म्हणालो. मोठ्याने म्हणालो, हेही नोंदवतो.

परीक्षा सुरू झाली. तिसऱ्या सॉफ्टवेअरचे आकडे मोबाईलवरही येत; मी मागे बसून ते पाहत राहिलो. बाहेर रस्त्यावर कोणी नव्हतं. खोलीत पंख्याचा आवाज होता, माउसची टिकटिक होती आणि फिनेलसारखा एक वास. फिनेल आम्ही कधी आणलेलं नाही.

साडेतीनला चिंधी कोरडी झाली होती, कडा वर वळल्या होत्या. ४१.२. सुकेशनीचे अकरा प्रश्न उरले होते. मी या गावात अंधश्रद्धेवर तीन भाषणं दिली आहेत. ४१.४... ४१.५...

मी उठलो. रुमाल बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि चिंधीशेजारी पत्र्यावर ठेवला. बोटांना खालून ऊब लागली. तापलेल्या पत्र्याची ऊब मला माहीत आहे, ती कोरडी असते. ही दमट होती.

४१.४. ४१.१. नंतर झरझर उतरत गेलं.

चार वाजता पेपर पूर्ण जमा झाला. सुकेशनी खुर्चीतच वळली. "दादा, परीक्षा माही होती. घाम तुमाले काहून फुटून राह्यला?"

ती हसतच घरी सांगायला पळाली. मी संगणक बंद केला, वायर भिंतीतून काढली. मोबाईलवरचे आकडे एकेक करून गेले. खालची ओळ राहिली. ३८.९. थोड्या वेळाने ३८.८.

मोतीबाई कुलूप लावायला आल्या. खाटेपाशी थांबल्या.

"हे तुमी ठेवलं?"

"हो. तुमची वाळली होती."

त्यांनी आपली चिंधी उचलली, झटकली, कमरेला खोचली. खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

"मंग आता माह्या हातची नाई घेनार तो."