दिवस हाय का अजून?

लाईट गेली की दूध संस्थेच्या कट्ट्यावर पोरं आण्णांना घेरून बसतात. संस्थेत उभं आयुष्य काढलेला माणूस. सांगतो ते सावकाश आणि ओळखीच्याच माणसाचं. परवा राजवीरनं विचारलं, दिवस बुडाला की धैर्यशीलदादा शाळेच्या रस्त्यानं का जात नाहीत? लांबून ओढ्याकडून वळसा घेतात. आण्णांनी हातातली तंबाखू झटकली, अंधारात शाळेकडं एकदा बघितलं आणि सांगितलं, ते असं.

एकवीस सालचा मे महिना, कोरोनाचे दिवस. एकोणीस तारीख, बुधवार. वर अष्टमीचा अर्धा चंद्र. चक्रीवादळाचा पाऊस नुकताच होऊन गेलेला, गावात वीज यायची-जायची. रात्री साडेनवाला धैर्यशील पाठीवर फवारणीचा पंप अडकवून शाळेकडं निघाला. सकाळी पुण्याहून चार माणसं येणार होती. बाहेरून आलेल्यानं आधी शाळेत राहायचं, मग घरी जायचं, असा नियम होता. त्याआधी खोली फवारून ठेवायची. काम अर्ध्या तासाचं.

धैर्यशील संस्थेत दूध मोजून घ्यायचा आणि गावाच्या दक्षता समितीतही होता. पहाटे दूध, दुपारी घरोघरी ताप तपासणं, संध्याकाळी पुन्हा दूध. दोन महिने असेच गेलेले. भ्यायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते. तेवढीही त्याच्यात उरली नव्हती.

फवारायची खोली शाळेच्या टोकाची. संडास-मोरी जोडून असलेली तेवढी एकच. आणि तिथं शेवटचं माणूस राहिलेलं, ते म्हणजे अरुणाक्का.

गावात जैनांची घरं चार. त्यातल्या पारसची ही आई. त्या दिवसांत ताप आला तरी गाव सांगत नव्हतं. ऊन लागलंय म्हणायचं आणि अंगावर काढायचं, कारण सांगितलं की गल्लीला बांबू लागायचे, दूध घरातच नासायचं. पारसला ताप आला तेव्हा अक्काच म्हणाल्या, नियम आहे तर जाऊन सांग. पारस सरळ उपकेंद्रात गेला. तो आणि त्याची बायको कोल्हापूरला दवाखान्यात दाखल झाले, गल्लीला बांबू लागले आणि गल्लीनं त्या घराला शिव्या घातल्या. अक्कांचाही रिपोर्ट खराब आला, पण त्रास कमी होता, म्हणून त्यांना शाळेत ठेवलं.

तरी शेजारच्यांचं समाधान होईना. वारं आमच्याकडं येतंय म्हणाले. मग समितीनं खिडक्यांना पत्रे ठोकले, दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि डबा सरकवायला एका पत्र्यात झडप ठेवली. व्हरांड्याला पावसासाठी काळी ताडपत्री. आत घड्याळ नव्हतं आणि अक्कांना मोबाइलची सवय नव्हती. आतल्या माणसाला दिवस कुठला नि रात्र कुठली, कळायला वाटच नाही.

आणि अक्कांचा एक नियम होता. दिवस मावळल्यावर अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. लग्न होऊन या गावात आल्यापासूनचा. पहिल्या दिवशीच त्यांनी झडपेआडून सांगून टाकलं, "सरकारचा नियम मी पाळतोय न्हवं? मग माझा तेवढा तुम्ही सांभाळा."

डबा धैर्यशीलच्या घरून जायचा. त्याची बायको राजनंदिनी कांदा-लसूण न घालता वेगळं रांधायची. संध्याकाळचं दूध अर्ध्यात सोडून तो डबा घेऊन पळायचा. झडप उघडली की अक्का आधी विचारायच्या, "धैर्या, दिवस हाय का अजून?" तो म्हणायचा, "हाय, अक्का." मगच त्या डबा आत घ्यायच्या. जेवून, घासून, झडपेशी पालथा घालून ठेवायच्या.

वादळाच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी संस्थेचं मशीन बंद पडलं. रांग हलेना. धैर्यशील शाळेत पोचला तेव्हा चांदण्या उगवल्या होत्या. त्या दिवशी अक्कांना ताप चढलेला. म्हणून राजनंदिनीनं मुगाची मऊ खिचडी दिली होती, वर तुपाचा गोळा.

"धैर्या... दिवस हाय का अजून?"

नाही म्हटलं तर म्हातारी उपाशी राहणार. गोळ्याही घेणार नाही. आणि समजूत घालायची, तर त्याच्यात बोलायचं त्राण नव्हतं.

"हाय की, अक्का. ढगानं अंधारलंय नुसतं."

अक्कांनी डबा आत घेतला. त्यांनी विश्वास ठेवला होता. सकाळी डबा घासलेला, पालथा. दुपारी अक्कांना श्वास पुरेना. गाडी आली, कोल्हापूरला नेलं. तिसऱ्या दिवशी गेल्या. गावात देहसुद्धा आला नाही. तो डबा राजनंदिनीनं उकळून गोठ्याच्या खुंटीला अडकवला. घरात पुन्हा घ्यायचं तिच्या जिवावर आलं.

तर, त्या बुधवारी. धैर्यशीलनं ताडपत्री बाजूला केली आणि व्हरांड्यात आला. वीज नव्हती. मोबाइलची बॅटरी लावली. दाराला कुलूप तसंच. किल्ली त्याच्या करदोट्याला. एकच किल्ली.

तो किल्ली सोडवायला लागला.

आत पाणी पडलं.

धार नव्हे. फडक्यातून पाणी गाळताना पडतं तसं... थेंब थेंब, जपून. अक्का पाणी असंच गाळायच्या.

हात थांबला. मोरीचा नळ असेल, त्यानं मनाशी म्हटलं. आवाज बंद झाला. मग कुणीतरी उठल्यासारखं... पाय ओढत... खिडकीपाशी.

झडप हलली.

बोटभर उघडली. आत काळोख.

"धैर्या..."

पळावं असं त्याला वाटलंच नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला. पंप पाठीवर तसाच.

"दिवस... हाय का अजून?"

लांब कुठंतरी कुत्रं रडलं. ताडपत्रीच्या फटीतून चंद्र दिसत होता. झडप उघडीच. अक्का वाट बघत होत्या. विचारून वाट बघायची त्यांची रीतच होती.

"न्हाय, अक्का."

...

"मावळला. त्या दिवशीबी मावळलाच हुता. मी खोटं बोललो."

आत काही हललं नाही. श्वाससुद्धा नाही. मग झडप सावकाश खाली आली. आवाज न करता. रागानं पडते तशी नव्हे.

पहाटेच्या दुधाला धैर्यशील आला नाही, म्हणून आण्णा त्याला शोधत शाळेत गेले. तो तिथंच, भिंतीला टेकलेला. जागा. त्यानं सगळं सांगितलं. आण्णांनी त्याच्या हातातून किल्ली घेतली, दोघांनी मिळून कुलूप काढलं. खोली रिकामी. मोरी कोरडी. फरशीवर धूळ, धुळीत पाऊल नाही.

झडपेखाली आतल्या बाजूला डबा होता. तोच. गोठ्याच्या खुंटीचा.

एवढं सांगून आण्णा थांबले. राजवीरनं हळूच विचारलं, "पालथा हुता?"

"न्हाय. सुलटा. झाकण लावलेलं."

"मग?"

आण्णांनी हाताकडं पाहिलं, जणू ते झाकण अजून हातातच होतं.

"मुगाची खिचडी हुती. वाफ येत हुती. चमचा लागलेला न्हाय. वर तुपाचा गोळा... अजून विरघळलाबी नव्हता."