उलटं तळं

प्रयोगशाळेच्या दारात एक लांबलचक नळी अडकली होती, आणि नळीच्या मागे एक माणूस.

"अहो, जरा दार धरता का?"

तिने धरलं. "नळ दुरुस्तीला आलात?"

"नळ?" तो दुखावल्यासारखा हसला. "बाई, यात तळ्याच्या तळाचा गाळ आहे. हजारो वर्षांचे पावसाळे खांद्यावर घेऊन आलोय मी!"

"मग हळू ठेवा... ते मलाच वाचायचेत."

होडीत बसून गाळाच्या नळ्या उपसणारा तो. गाळाच्या थरांवरून जुनं हवामान ओळखणारी ती. त्या दिवसापासून तो काही ना काही निमित्त काढून तिच्या टेबलाशी घुटमळू लागला. नळीची वरची बाजू दाखवणारा बाण तो स्वतः काढायचा. "माझा बाण कधी चुकत नाही," म्हणायचा — आणि असा बघायचा, की तिचे कान तापायचे.

पण नळी उभी चिरली आणि ती थरांवर वाकून बघतच राहिली. पुराच्या पाण्यातली जाड वाळू आधी तळाशी बसते, बारीक माती नंतर. इथे प्रत्येक थरात वाळूच वर! म्हणजे बाण उलटा. म्हणजे बाणावरून वाटलं तसं कोरडं तळं भरत गेलं नव्हतं. भरलेलं तळं आटत गेलं होतं. पाऊस कशी पाठ फिरवतो, ते हा गाळ सांगत होता.

बैठकीत तिने हे मांडलं. प्रयोगशाळेचे मोठे सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "त्याचा बाण चुकला, की नव्या मुलीचे डोळे?"

कुणीतरी खुसखुसलं. पण ती खाली बसली नाही. "इथे वाकून बघा, सर."

सर हलले नाहीत. मागच्या खुर्चीतून तो उठला.

"बाणच चुकला, सर. होडी कलली, नळी आडवी पडली, आणि मी अंदाजाने काढला. त्या बरोबर आहेत." आणि असा ताठ उभा राहिला, जणू बक्षीस त्यालाच मिळालंय.

सर नळीवर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. "खरंच की!"

जिन्यात तिने त्याला गाठलं. "चारचौघांत स्वतःची शोभा कशाला करून घेतलीत?"

"शोभा? माझी तर छाती फुगली होती! आत्ताच आईला फोन केला. म्हटलं, अख्खं तळं सरळ करणारी मुलगी आहे."

"आणि... आई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, तिला विचारलंस का?"

ती कठड्यावर नखाने रेघा ओढत राहिली. मग मान वर केली. "पुढच्या तळ्यावर मीही होडीत येणार."

"पोहता येतं?"

"अजिबात नाही."

"मग?"

"मग काय... तू आहेस ना!"