तालाच्या जरा मागे

माझ्या संगणकात एकाच गाण्याची अकरा ध्वनिमुद्रणं होती. एक १९६३चं, मूळ, बोसा नोव्हा या संथ, हळुवार शैलीतलं: एक गिटार आणि कुजबुजल्यासारखा आवाज. बाकी दहा नंतरच्या पॉप गायकांची. बारावं बोताफोगो वस्तीतल्या आमच्या स्टुडिओत आदल्या दिवशीच झालं होतं. त्यातला गायकाचा आवाज मी नुकताच तालावर सरळ केला होता आणि ऐकून बघत होते.

तेवढ्यात गायकच दारात आला. चिंब भिजलेला, कारण छत्री इथेच विसरला होता.

"हे कोण गातंय?"

"तुम्हीच. एव्हांद्रो किंतेला ना?"

तो ऐकत राहिला. बाहीतून पाणी ठिबकत होतं.

"माझ्या आवाजाला इस्त्री कुणी केली?"

"मी. प्रत्येक ओळीला तुम्ही तालाच्या मागे पडत होता."

"मुद्दाम… गिटार पुढे जाते, गाणारा रमतगमत येतो. माझी आई असंच गाते."

आवाज तालापासून किती सरकतो, याची मी दहा पॉप मुद्रणांवरून सरासरी काढली होती. मूळ मुद्रण त्या आकड्यांत बसत नव्हतं, म्हणून मोजण्यातली चूक समजून वगळलं होतं. तसं मी त्याला सांगितलं.

"म्हणजे आईला घराबाहेर काढून, दहा पोरांवरून घराण्याचा चेहरा ठरवलात, डॉक्टर?"

"मी डॉक्टर नाही. जांदिरा. फक्त फिजिक्सची पदवी आहे."

"तरीच."

ते त्याचं पहिलंच ध्वनिमुद्रण होतं. गाणी काढणाऱ्या कंपनीला आवडलं तरच बाजारात येणार होतं. मी सगळी इस्त्री काढून टाकली.

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. कधी एक ओळ पुन्हा गायची असे, कधी गिटारची तार खरखरते असं त्याला वाटे. येताना गरम चीजच्या पावांची पिशवी आणायचा आणि निम्मे स्वतःच संपवायचा.

"इथे तुझा श्वास ऐकू येतोय," मी एकदा म्हटलं. "काढू?"

"राहू दे. तेव्हा तुझ्याकडे बघत होतो…"

"कागदाकडे बघायचं."

"कागद इतका रागावत नाही."

पुढच्या आठवड्यात कंपनीने गाणं परत पाठवलं. आवाज आळशी वाटतो, असं त्यांचं म्हणणं. ते गाणं आता एका गायिकेकडून करून घेणार होते. हे सांगायला तो स्वतः आला.

"पुन्हा सरळ करून पाठवू? अजून वेळ आहे."

"नको." तो माइकसमोर बसला. "एकदा तुझ्यासाठी गातो. तू काही मोजू नकोस."

मी मुद्रण चालू केलं, पडद्याकडे पाठ केली. तो गायला. शेवटचा सूर विरल्यावर त्याने गिटार पेटीत ठेवली. झाकण मात्र लावेना.

"आता इथे यायला मला काही काम उरलं नाही. उद्या बिनकामाचा आलो, तर चाले—"

"ये."

नंतर दोघांनी मिळून ते मुद्रण ऐकलं. ते बंद करायचं मी विसरले होते, त्यामुळे गाण्यानंतरचं बोलणंही त्यात आलं होतं. त्याचं वाक्य संपायच्या तीन दशांश सेकंद आधी माझा आवाज सुरू झाला होता.