राखीव यष्टिरक्षक

मारुती मंदिराच्या उतारावर टेम्पोत पेट्या चढवताना एक पेटी कलंडली आणि वरचा आंबा सुटून खाली आला. दर्शना तिथूनच सरावाला चालली होती. ती झटकन वाकली आणि जमिनीला टेकायच्या आत तिने तो दोन्ही हातांत अलगद घेतला.

टेम्पोवरचा तरुण बघतच राहिला.

"हापूस असाही झेलतात, माहीत नव्हतं."

"पडला असता तर डागला असता."

"मग ठेवा तुम्हीच. झेलणाऱ्याचा आंबा."

"आणि पेटीतली जागा?"

"कुणी विचारलं तर तुमचं नाव सांगेन... काय सांगू नाव?"

दर्शना हसली, आणि तिथेच फसली.

गंधार बागायतदाराचा धाकटा मुलगा. दर्शना संगमेश्वरकडच्या शेतकरी घरातली. क्रिकेटसाठी रत्नागिरीत मामाकडे राहायची, राज्याच्या संघात यष्टिरक्षण करायची. गंधार संध्याकाळी मैदानावर येऊ लागला, तिला चेंडू टाकू लागला. श्रावणात एकदा भाट्याच्या पुलावर सरीने गाठलं, तेव्हा छत्री एकच होती.

"तुमचा खांदा भिजतोय," ती म्हणाली.

"दुसरा कोरडा आहे ना... तुझ्याकडचा."

'तुमचं'चं 'तुझं' झालं ते त्या पुलावर.

गंधारच्या आईला, लीलाकाकूंना, मैदानावर धावणारी सून पसंत नव्हती. वर्षभर रुसून, अबोला धरून शेवटी त्यांनी होकार दिला. ज्येष्ठात साखरपुडा करायचं ठरलं. आणि त्याच आठवड्यात भारताच्या महिला संघाचा इंग्लंड दौरा जाहीर झाला, तोही ज्येष्ठातच. राखीव यष्टिरक्षक म्हणून दर्शनाचं नाव होतं.

थिबा पॅलेसजवळ खाडी दिसते, तिथे दोघं बसली होती.

"अभिनंदन," गंधार म्हणाला. पण बघत होता खाडीकडे.

"साखरपुडा दिवाळीनंतर करू या."

"आई नाही थांबायची."

"तू सांगशील ना त्यांना?"

त्याने तिचा हात हातात घेतला. चेंडू लागून वाकडं झालेलं तिचं बोट हळूच कुरवाळलं.

"तू राखीव आहेस, दर्शू. खेळवतील की नाही तेही नक्की नाही. तेवढ्यासाठी..."

तिने हात सोडवून घेतला.

ती गेली. तिकडे हवा गार, गवत ओलं, ग्लोव्हजमधली बोटं बधिर व्हायची. ती सराव करायची, खेळणाऱ्यांना पाणी न्यायची, बाहेर बसून टाळ्या वाजवायची. सामना संपला की गंधारचा फोन यायचा.

"आजही नाही?"

"आजही नाही."

त्याच्या विचारण्यात हळहळ होती की आणखी काही, तिला कळेना. मग हळूहळू फोनच यायचे थांबले.

शेवटच्या सामन्याच्या सकाळी मामेबहीण शमिकाचा फोन आला.

"ताई, गंधारदादाचा साखरपुडा झाला गो. चिपळूणची मुलगी आहे."

दर्शना सरावाला उतरली. एरवी डोळे मिटून घेतला असता, तो चेंडू हातातून सुटला. प्रशिक्षकांनी विचारलं, "बरं नाही का?"

"हवा गार आहे," ती म्हणाली.

ती रत्नागिरीत परतल्यावर गंधार मैदानाच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. पाऊस भुरभुरत होता.

"आईपुढे मला बोलता आलं नाही, दर्शू."

"बोलून बघितलंस?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "एकही सामना दिला नाही तुला त्यांनी. आधी माहीत असतं, तर... थांबली असतीस?"

तिने 'हो' म्हणावं म्हणून तो थांबला होता. तेवढ्या एका शब्दाने सगळं दौऱ्यावर ढकलून तो मोकळा झाला असता. आणि तो अजून तिला आवडत होता, हेच वाईट होतं.

"तरी गेले असते," ती म्हणाली. "पण शमिकाने सांगितल्यानंतरसुद्धा मला वाटत होतं, तू घ्यायला येशील. विमानतळाच्या दाराशी उभी राहून प्रत्येक चेहरा बघितला मी... बाकीच्या सगळ्या निघून जाईपर्यंत."

गंधारने स्कूटर वळवली.

तो उतारावरून दिसेनासा होईपर्यंत ती ताठ उभी होती. मग खेळपट्टीच्या कडेला, ओल्या गवतात बसली आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच रडली.