थिआच्या पेशी

शनिवारची दुपार होती. मेलबर्नमध्ये पारा बेचाळीसवर गेला होता, आणि थिआ प्रयोगशाळेत आली ती एक साधी चाचणी उरकायला. शोध आपलाच आहे, हे तिला सोमवारी संचालकांना दाखवून द्यायचं होतं.

प्रतिपिंडाचं, म्हणजे अँटिबॉडीचं, जनुक मज्जेतल्या कोवळ्या बी-पेशीत गप्प पडून असतं. त्याला दुरून जागं करतो तो एन्हान्सर, डीएनएचाच एक तुकडा. तसा एक नवा तुकडा थिआला सापडला होता. तो कापला की पेशी मुकीच, प्रतिपिंड बनतच नाही. पेशीही तिच्याच, अकरा वर्षांपूर्वी तिने दिलेल्या अस्थिमज्जेतल्या. दर तिसऱ्या दिवशी त्यांना खाऊपिऊ घालायची मात्र मेरिन, तिची जिवलग मैत्रीण. त्याच मेरिनने केसाने गळा कापला. परवा मेरिनच्या नावाने त्या शोधावरचा निबंध छापून आला, आणि त्यात थिआचं नावच नव्हतं.

मेरिन कोपऱ्यात चहा करत होती.

"अजून फुगलेलीच का गं? चहा घे."

"माझ्या लग्नात तू माझ्या शेजारी उभी होतीस, मेरिन."

"मग पेशींनाच विचार ना, कोणाच्या आहेत त्या!" मेरिन हसली आणि कप घेऊन निघून गेली.

थिआ कामाला लागली. ताटलीच्या एका खळग्यात तिने आपलं रक्त लावलं, शेजारच्यात फ्रिजमधलं मेरिनचं. नेहमीची तुलना. वरून एन्हान्सर कापलेल्या पेशी ज्यात वाढल्या होत्या ते पाणी घातलं. त्यातलं प्रतिपिंड रक्ताला चिकटलं, तरच खळगा पिवळा होतो. मुक्या पेशींनी एकही खळगा पिवळा व्हायला नको होता.

इन्क्युबेटरची घरघर थांबली. कोमट, ओल्या हाडांचा वास आला...

तिचा खळगा पिवळा झाला होता. मेरिनचा स्वच्छ.

मुक्या पेशी बोलल्या होत्या, तिच्याविरुद्ध. प्रतिपिंड उठतं ते परक्यावर. आपल्याच शरीरावर उठणारी पेशी तर मज्जेतच मारली जाते. तिने पुन्हा बोट टोचलं, पुन्हा चाचणी केली. रंग आणखी गडद आला. सोमवारी दाखवायला आता काही उरलं नव्हतं.

"मी... मी तुमचीच आहे गं..." ती पुटपुटली.

मग तिने पेशींची जुनी बाटली बाहेर काढली. अकरा वर्षांपूर्वी तिने स्वतः तिच्यावर आपलं नाव लिहिलं होतं. चिठ्ठी तीच होती, कोपऱ्यातला कॉफीचा डागही तोच. शाई फिकी पडली होती. अक्षरही तिचंच होतं.

नाव मात्र मेरिनचं होतं.