संपर्क तुटला तर काय करू?

पडद्यावरची हिरवी पट्टी सरसर पुढे सरकत साठ टक्क्यांपर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"आत्या, हे अडकलं गं!" मृण्मयी ओरडली.

सुट्टीत ती सातपुड्यात, तिच्या आत्याकडे आली होती. ललिताआत्या इथल्या ड्रोनतळाची प्रमुख होती. दऱ्याखोऱ्यांतल्या पाड्यांवर इथून औषधं उडत जायची. तळावर दोन ड्रोन होते. एक दुरुस्तीला गेला होता आणि दुसऱ्यावर आज सकाळी उड्डाणाचा नवा प्रोग्राम बसवायला घेतला होता.

आत्या औषधांच्या शीतपेटीपाशी होती. तिथूनच ती म्हणाली, "अडकलं नाही. प्रश्न विचारतंय. वाच बरं."

"सगळं याला आधीच ठाऊक नको का? एवढा हुशार प्रोग्राम!" मृण्मयी कुरकुरली. पहिला प्रश्न भाषेचा होता, दुसरा दिव्याच्या रंगाचा. दोन्हींखाली उत्तर आधीच भरलेलं होतं. तिनं दोनदा 'पुढे'चं बटण दाबलं. पट्टी हलली आणि पुन्हा थांबली.

तेवढ्यात फोन वाजला. कुंभारखाणच्या उपकेंद्रातून जमना सिस्टर बोलत होत्या. "ललिताताई, आठ वर्षांची पोर आहे, साप चावलाय. विषावरच्या लसीच्या दोनच बाटल्या होत्या, त्या दिल्या. आणखी लागणार. गाडीनं यायला तीन तास जातील हो!"

"वीस मिनिटांत पोचवते," आत्या म्हणाली खरी, पण तिची नजर पडद्याकडे गेली. जुना प्रोग्राम काढून टाकला होता. तो परत बसवायचा तर अर्धा तास हवा. नव्याचं काम पुरं करणं हाच जवळचा रस्ता होता.

"मयी, मी बाटल्या भरते. तू ते संपव."

मृण्मयीचं बोट 'पुढे'च्या बटणावर गेलं. मात्र या वेळी अक्षरं ठळक होती, म्हणून तिनं ती वाचली:

'उडताना संपर्क तुटला तर काय करू? जागीच उतरू, परत येऊ, की ठरलेल्या मार्गानं पुढे जाऊ? तुमचा भाग मला माहीत नाही. काही सांगितलं नाहीत तर जागीच उतरेन.'

तिचं बोट तसंच थांबलं. "आत्या, हे जागीच उतरेन म्हणतंय. चालेल?"

आत्यानं मान वर केली. "काल तू सिस्टरांबरोबर दरी उतरून कुंभारखाणला गेलीस ना? तुझा फोन कुठे बंद पडला?"

"ओढ्यापाशी. पार पलीकडच्या चढापर्यंत रेंजच नव्हती."

"मग सांग, ड्रोन कुठे उतरेल?"

मृण्मयीच्या डोळ्यांपुढे तो ओढा आला. दोन्हीकडे उभे कडे, खाली दगडगोटे आणि पाणी. "ओढ्यात! आणि लसही ओढ्यात! पण मग असं चुकीचं उत्तर यांनी भरूनच का ठेवलं?"

"ते चुकीचं नाही," पेटी बंद करत आत्या म्हणाली. "त्याला गृहीत उत्तर म्हणतात (आपण काही सांगितलं नाही, तर प्रोग्राम जे धरून चालतो ते). सपाट मुलखात भरकटण्यापेक्षा उतरलेलं बरं. प्रोग्राम लिहिणारा हजारो कोसांवर बसलाय. त्यानं आपली दरी कुठे पाहिलीय? पण कुठेतरी अशी दरी असेल, एवढं त्याला सुचलं. म्हणून त्यानं ठरवून टाकलं नाही, विचारलं. याला जुळणी म्हणतात (एकच प्रोग्राम त्या-त्या जागेला साजेसा करून घेणं)."

मृण्मयीनं 'पुढे जा' निवडलं. लगेच पुढचा प्रश्न आला: 'संपर्काशिवाय जास्तीत जास्त किती मिनिटं उडू?' घाईघाईत तिनं शंभर लिहिलं.

'एवढं जमणार नाही. बॅटरी बत्तीस मिनिटांची आहे. पुन्हा सांगाल?'

"हे तर माझं उत्तरही तपासतंय!" भीतीतही तिला हसू आलं.

"दरी ओलांडायला चार मिनिटं लागतात. दहा लिही."

पट्टी शंभरावर पोचली. आत्यानं लसीची पेटी अडकवताच ड्रोन घरघरला, वर उठला आणि कड्यापलीकडे दिसेनासा झाला. थोड्याच वेळात पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'संपर्क तुटला.'

एक मिनिट गेलं. दोन गेली. मृण्मयीनं टेबलाची कड घट्ट धरली होती. तिसरं मिनिट. आपण निवडलं ते बरोबरच होतं ना? चौथं मिनिट संपत आलं आणि लाल अक्षरं हिरवी झाली. ड्रोन पलीकडच्या चढावर होता.

पुढच्या पाच मिनिटांत सिस्टरांचा फोन आला. "मिळाली! लावतेय लगेच!" आणि संध्याकाळी पुन्हा: "पोर शुद्धीवर आहे. पेज मागतेय."

दुरुस्तीला गेलेला ड्रोन परत आला, तेव्हा त्यावरही नवा प्रोग्राम बसवताना मृण्मयी प्रश्नांसाठी सरसावून बसली. पण पट्टी न थांबता शंभरावर गेली.

"विचारलंच नाही यानं!"

"तू दिलेली उत्तरं जपून ठेवलीत, तीच यालाही दिली. उद्या पन्नास ड्रोन आले तरी पुन्हा सांगायला नको. ज्याला माहीत आहे त्याला विचारायचं, आणि एकदाच विचारायचं. हे सुचायलाही मोठं मन लागतं बघ."

मृण्मयी लस नेणाऱ्या ड्रोनचा पंखा पुसत होती. त्यावर तीन बारीक ओरखडे होते. आत्या म्हणाली, घारीचे असणार, कड्यावर त्यांची घरटी आहेत. मृण्मयीनं थोडा विचार केला आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांना चार ओळींचं पत्र पाठवलं: तुम्ही खूप छान विचारता. पण एक प्रश्न राहिलाय.

दिवाळीत ती पुन्हा तळावर आली, तेव्हा प्रोग्रामची नवी आवृत्ती आली होती. जुनं काहीच त्यानं विचारलं नाही. पट्टी एकदाच थांबली.

'तुमच्या भागात घारींची घरटी आहेत का? असतील तर सांगा, मी त्यांना वळसा घालून जाईन.'

मृण्मयीनं तो प्रश्न दोनदा वाचला. मग खुर्ची पुढे ओढली आणि 'हो' लिहिलं.